केरबाआप्पांनी वीणा घरी नेली

रामकृष्णहरी, मंडळी! जरा पुढं सरका — मागं माणसं उन्हात आहेत. मांडव तोकडा पडलाय. केरबाआप्पांचं पहिलं वर्षश्राद्ध आहे, मांडव तोकडा पडणारच. ज्यानं अठ्ठेचाळीस वर्षं सगळ्या गावाचं पीठ दळलं, त्याच्यासाठी कोण येणार नाही? ज्याच्या घरात भाकरी झाली, तो आलाय!

आता आधी एक सवाल टाकतो. उत्तर लगेच देऊ नका. गप्प बसणं — हे पाप का पुण्य?

बघा! नवरेमंडळी लगेच 'पुण्य' म्हणाली. अहो, मी घरचं विचारत नाही! शास्त्राचं विचारतोय. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, खरी आहे, आणि माणूस तोंड मिटून बसला. तो पापी का पुण्यवान? नाही ना सांगता येत? मलाही येत नव्हतं. मी ह्याच देवळात चार वेळा ह्या विषयावर बोललो, दोन-दोन तास बोललो, आणि मला काही कळलेलं नव्हतं. बुवांचं असं असतं.

तर ऐका. हा फोटोतला माणूस. फोटोत पांढरा दिसतोय, तो फोटोग्राफरचा दोष नाही. आप्पा होतेच पांढरे! सकाळी आठला गिरण सुरू, की भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानात पीठ. सोजरकाकू इथं बसल्यात, त्यांना विचारा — लग्नानंतर आठ दिवसांनी आंघोळ करून समोर आले, तर काकूंनी पदर ओढून घेतला. म्हणाल्या, कोण पाहुणे आलेत! 

हसा, हसा. काकूही हसताहेत.

पण कामाला कसा माणूस? एकादशीच्या आदल्या दिवशी तुम्ही उपवासाचं दळण घेऊन जायचा. वरी, राजगिरा. त्याच्या आधी त्याच जात्यातून काय गेलेलं असायचं? बाजरी! मग आप्पा काय करायचे? गिरण बंद. वरची तळी, म्हणजे जात्याचा वरचा दगड, उचलायची — एकट्यानं! — कुंच्यानं दोन्ही दगड झाडायचे. मग स्वतःच्या घरचा मूठभर राजगिरा आधी टाकायचा, तो दळून बाजूला काढायचा, आणि मग तुमचं दळण. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. कुणाला कळलं असतं? कुणाला नाही. मंडळी, ह्या गावाची एकादशी मोडली नाही, ती तुमच्या निग्रहामुळं नाही. केरबाआप्पांच्या कुंच्यामुळं!

आणि देवाला वेळ कधी द्यायचे? सांगतो. आपला सप्ताह. सात दिवस वीणा उभी. नव्या मंडळींसाठी सांगतो — सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नाही, नाम तोडायचं नाही. दोन-दोन तासांचा पहारा. एकानं गळ्यातून काढायची, दुसऱ्यानं गळ्यात घालायची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. तिथं लहान-मोठा नाही, पाटील-हरकाम्या नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याचे पाय धरायचे. एवढंच.

आता पहाऱ्याची सगळ्यात नावडती वेळ कोणती? पहाटेची म्हणाल. चूक! दुपारी बारा ते दोन. का? पंगत बसते! समोर आमटीचा वास, आणि आपण वीणा घेऊन उभे. ती पाळी कुणी घेत नसे. आप्पा घ्यायचे. दरवर्षी. आबा पाटलांनी एकदा सगळ्यांदेखत कौतुक केलं, केवढी ही निष्ठा! तर आप्पा म्हणाले, "निष्ठा कसली, बारा ते दोन लाईट नसती. गिरण बंदच असती."

देवाला त्यांनी लोडशेडिंगची वेळ दिली होती! पण दिली ती दिली. आपण लाईट असतानाही देत नाही, आणि नसतानाही देत नाही.

आता मूळ गोष्ट. बावीस वर्षं झाली तिला.

आप्पांना एकच लेक. शालनताई. ती बघा, काकूंच्या शेजारी. ताई सात वर्षांची असताना गिरणीत खेळत होती. त्या दिवशी पट्टा सारखा घसरत होता, म्हणून आप्पांनी पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली होती. जाळी लावली की पट्टा ताणायला अडचण व्हायची. म्हणाले, संध्याकाळी लावू. संध्याकाळ व्हायच्या आत पोरीच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

मंडळी, त्या दिवसापासून कुणीही विचारो, न विचारो, आप्पा एकच सांगायचे. "जाळी मी काढली होती." नशीब म्हणाले नाहीत. देवाची मर्जी म्हणाले नाहीत. पोरगी अवखळ होती, असंही म्हणाले नाहीत. जाळी मी काढली होती — संपलं.

पोरगी मोठी झाली. तेवीस वर्षांची. दळण घ्यायची, तळी उचलायची, घर बघायची. बघायला पाहुणे यायला लागले. तेव्हा सोजरकाकूंचे बंधू, म्हणजे ताईंचे मामा, पुढं झाले. मामांनी युक्ती काढली. "डावा हात पदराखाली घ्यायचा. सुपारी फुटली की मग सांगू." आप्पांना हे ठाऊकच नव्हतं. ते त्या दिवशी गिरणीवर — लग्नाघरचं दळण आलेलं, दहा मिनिटं उशीर झाला. तेवढ्यात ताई चहा घेऊन बाहेर. पदराखाली हात. बशी देताना पदर सरकला. मुलाच्या आईनं मनगट धरलं, हात सगळ्यांसमोर वर केला, आणि म्हणाली, "आम्हाला आंधळं समजलात काय?"

पाहुणे गेले. ताईंनी कप विसळले, पालथे घातले. मग बापाला म्हणाल्या, "आप्पा, पुढच्या बारीला मी बाहेर यायच्या आधी तुम्ही सांगायचं. तुम्ही सांगितलं नसंल, तर मी येणार नाही. परत हात लपवून मी कुणापुढं यायची नाही."

आप्पा म्हणाले, "मी सांगीन. मग तू ये."

लेकीला दिलेला शब्द आहे, बरं का! लक्षात ठेवा. कारण पुढचे पाहुणे नेमके सप्ताहात आले. शुक्रवारी. दोनच्या एसटीनं. आप्पांनी हिशेब घातला — दोनला पाळी सुटणार, दोनलाच एसटी येणार, देऊळ ते घर दोनशे पावलं. पाहुणे पाणी पिईपर्यंत आपण पोचतो.

तर बारा वाजता आप्पांनी वीणा गळ्यात घेतली. साथीला टाळकरी दोन. एक पंगतीत गेला. जाणारच! दुसरे धोंडीबुवा — वय ऐंशी, ऐकायला येत नाही, गुडघे धरलेले, बसून टाळ वाजवणारे. समोर पांडुरंग. तोही उभा, हेही उभे.

दोनची एसटी आली. हॉर्न वाजला. आप्पांनी दाराकडं बघितलं.

कुणी नाही!

पाच मिनिटं झाली. दहा झाली. नाम चालू — रामकृष्णहरी, रामकृष्णहरी — डोळे दाराकडं. आप्पांनी नामाच्या मध्येच धोंडीबुवांना खूण केली, कुणाला तरी बोलवा म्हणून. धोंडीबुवांनी आनंदानं मान हलवली आणि टाळ जोरात सुरू केला. 

अर्धा तास! तिकडं घरात पाहुणे बसलेले. मामा म्हणताहेत, येतीलच आता, देवमाणूस आहे. आत चहा तीनदा उकळला. काकू म्हणताहेत, जा गं बाई, लोक खोळंबलेत. ताई चुलीपुढं बसून. "आप्पा आल्याबिगर नाही." मामा आत येऊन म्हणाले, "पदर नीट घे आणि चल." ताईंनी मामांकडं नुसतं बघितलं. मामा बाहेर गेले.

आता सांगा, दोन ते चारची पाळी कुणाची होती?

माझी.

फळ्यावर नाव होतं. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तुम्हाला ठाऊक आहे, की मी दोनला देवळात आलो, आणि वीणाच जागेवर नव्हती. बावीस वर्षं गावाला एवढंच ठाऊक आहे. कारण मी तसं सांगितलं!

मंडळी, मी झोपलो होतो. 

पहिल्या पंगतीला बसलो. पुरणपोळी होती. चार खाल्ल्या. पाचवी आग्रहाची. मांडवाच्या मागं गार सावली होती, सतरंजी पडली होती, म्हटलं, जरा लवंडावं. बावीस वर्षांचा धडधाकट गडी, कुणाची मयत नाही, आजार नाही, अडचण नाही. झोपलो! ह्याला काही कारण नाही. मी खूप शोधलं. नाही.

तर आप्पांपुढं काय उरलं? वीणा खाली ठेवली तर सप्ताह मोडला. उभं राहिलं तर लेकीला दिलेला शब्द मोडला. तुम्ही काय केलं असतं? मी असतो तर वीणा खुंटीला अडकवली असती आणि म्हटलं असतं, टेकवली कुठं? अडकवली! आम्ही शिकलेली माणसं.

आप्पांनी पायरीला नमस्कार केला आणि निघाले. वीणा गळ्यात! नाम मुखात! भर दुपारी, रस्त्यात कुत्रंसुद्धा नाही, आणि एकाच माणसाची दिंडी चाललीय. टाळ नाही, पताका नाही. नळावरची एक बाई कळशी खाली ठेवून पाया पडली. तिला वाटलं, मागून बाकीचे येत असतील. ती बराच वेळ वाट बघत उभी होती म्हणे.

घरात आले. पाहुणे उठून उभे राहिले. मुलाचे वडील दादाराव बोडखे. त्यांच्या मागं त्यांची मंडळी आणि मुलगा सुदाम. मामांचा चेहरा बघण्यासारखा! आप्पांना बसता येईना, हात जोडता येईनात, आणि नाम तोडता येईना. मग त्यांनी काय केलं? नामातच सांगितलं!

"रामकृष्णहरी — मुलीला डाव्या हाताची दोन बोटं न्हाईत — रामकृष्णहरी — गिरणीच्या पट्ट्यात गेली — रामकृष्णहरी — जाळी मी काढली हुती — रामकृष्णहरी — तिची काई चूक न्हाई — रामकृष्णहरी — आता ती बाहेर यील — रामकृष्णहरी — बघायचं तर बघा, न्हाईतर चा घेऊन जावा — रामकृष्णहरी!"

चालीत! एक मात्रा चुकली नाही. असं स्थळ सांगितल्याचं मी दुसरं ऐकलं नाही.

दादाराव दाराकडं गेले. चपला घातल्या. परसात जाऊन पाय धुतले, हात धुतले, चूळ भरली. मामा समजले, निघाले. दादाराव परत आले आणि आप्पांपुढं उभे राहिले. त्यांच्या गळ्यात माळ होती. म्हणाले, "कधीपासून उभे आहात? द्या ती इकडं. तुम्ही लेकीजवळ बसा."

आता रीत काय सांगितली मी? वीणा देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकमेकांच्या — बरोबर, पाया पडायचं! दादारावांनी वाकून आप्पांचे पाय धरले. अहो, मुलाचा बाप! मुलीच्या बापाच्या पाया! तेही दोन बोटं नाहीत हे ऐकल्यावर. मामांनी भिंतीचा आधार घेतला. आप्पांनीही दादारावांचे पाय धरले, दोघं एकदम वाकले, डोकी आपटली. मग वीणा दादारावांच्या गळ्यात. रामकृष्णहरी चालू.

आप्पा खाली बसले. अडीच तासांनी! आणि साध्या आवाजात हाक मारली, "शालन, ये बाळा. सांगितलंय."

ताई बाहेर आल्या. दोन्ही हातांत ताट. डावा हात उघडा, सगळ्यांना दिसेल असा. सुदामरावांपुढं ताट धरलं आणि म्हणाल्या, "भाकरी मी आठ बोटांनी थापती. चालत असंल तर सांगा."

सुदामराव मुखदुर्बळ माणूस. आजही आहेत. त्यांनी कप उचलला आणि म्हणाले, "मला दहानंसुद्धा जमत नाही."

ठरलं लग्न! चहा पार काढा झाला होता. सगळ्यांनी प्याला.

गोष्ट इथं संपती, तर किती गोड होतं! प्रसाद वाटून मोकळे झालो असतो. पण तेवढ्यात आम्ही पोचलो.

मला जाग आली तेव्हा देवळात बोंब. वीणा नाही! धोंडीबुवा एकटे टाळ वाजवताहेत. आबा पाटील पुढं, मागं निम्मं गाव, आणि त्यात मी. नळावरच्या बाईनं दिशा दाखवली. आप्पांच्या दारात येऊन बघतो तर वीणा परगावच्या माणसाच्या गळ्यात!

आबांनी विचारलं, "केरबा, हे काय?" मग माझ्याकडं वळले. "दोनला तू हुतास ना?"

आणि मी म्हणालो, "मी वेळेवर गेलो आबा. वीणाच नव्हती."

आप्पा माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांनी ऐकलं. दादारावांनीही ऐकलं. ते तर दोनच्या एसटीनं आलेले, अर्धा तास वाट बघितलेले! त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचं नाम चालू होतं, म्हणून बोलता येईना. आप्पांनी त्यांच्याकडं बघून जराशी मान हलवली. नको म्हणून. आणि आबांना म्हणाले, "नाम तुटलं न्हाई. वीणा टेकली न्हाई. पण देवळाभाईर आणली ती मी. सजा मला द्या."

विचारा ना, मी खरं का बोललो नाही? त्याच सप्ताहात गाव मला कीर्तन शिकायला पाठवायचं ठरवत होतं. चार वर्षांसाठी. आमच्या घरात दोन वेळचं अवघड, मला दुसरी वाट नव्हती. पहाऱ्याला झोपला हे कळलं, तर कोण पाठवणार? मी भ्यालो. मोकळं सांगतो, भ्यालो!

सजा ठरली. केरबाच्या गळ्यात ह्यापुढं वीणा द्यायची नाही. आप्पा म्हणाले, "बरं." एवढंच. 

मी शिकायला गेलो. फेटा बांधून आलो. बुवा झालो. आणि आप्पा? दरवर्षी सप्ताहात, बारा ते दोन, देवळात उभे. नुसता टाळ घेऊन. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात, आप्पा शेजारी. बसायला चालत होतं, वीणा नाही तर बसा की! बसले नाहीत. एकवीस वर्षं! मी ह्याच ओट्यावरून सत्यावर बोलायचो, घसा फोडून बोलायचो, आणि आप्पा पुढं बसून मान डोलवायचे. मला वाटायचं, विसरले असतील. स्वतःला काय वाट्टेल ते वाटून घेता येतं.

एकदा गेलो गिरणीवर. धीर करून. म्हटलं, "आप्पा, त्या शुक्रवारचं..." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खटका दाबला. गिरण सुरू! मी बोलतोय, मला माझंच ऐकू येईना. त्यांनी पिठाचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि कुणाचं तरी दळण ओतलं. सदऱ्यावर पाच बोटं उमटली होती. घरी आलो आणि रडलो, मंडळी. 

गेल्या वर्षी ह्याच तिथीला गेले. दुपारचं शेवटचं दळण काढलं, दगड झाडले, हातपाय धुऊन ताटावर बसले, आणि काकूंना म्हणाले, जरा आडवं होतो. तेवढंच. गिरण आता शालनताई आणि सुदामराव चालवतात. जाळी लावलेली असते.

आता मिळालं सवालाचं उत्तर? स्वतःची चूक आली, की आप्पा नामातसुद्धा थांबत नव्हते, गाऊन सांगत होते! दुसऱ्याची चूक आली, की गिरण सुरू करत होते. मी बरोबर उलटं केलं. दोघंही गप्पच बसलो की! पण ते मला वाचवायला, आणि मीही — मलाच वाचवायला.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगितलं. आबा, सजा माझी होती. आता तुम्ही —

काय? आबा हात वर करताहेत. वय अठ्ठ्याऐंशी. माईक द्या हो त्यांना! नको? बरं, मी जवळ येतो... बोला आबा.

...

मंडळी, आबा म्हणताहेत — "बुवा, पुरं करा. त्या दिवशी तुमच्या गालावर सतरंजीचे वळ हुते. समद्या गावानं बघितले."

...

मग आबा, आप्पांना सजा का?

म्हणताहेत — "त्याच दिवशी दिवेलागणीला मी त्याच्याकडं गेलो. म्हटलं, सजा मागं घेतो. तर म्हणला, मागं घेतली तर पोराला द्यावी लागंल, आन् त्याला शिकायला जायाचंय. ऱ्हाऊ द्या माझ्याकडंच."

आणि तुम्ही? तुम्ही सगळे? मामा, तुम्हीसुद्धा? अठरा वर्षं मी इथं उभा राहून तुम्हाला खरं बोला, खरं बोला म्हणून सांगत होतो — आणि तुम्ही सगळे माना डोलवत होता!

थांबा. टाळ नको. जरा थांबा.

...

माझं राहू द्या आता. तुमचं बोला. तुम्हाला काय वाटतं, तुमच्या गालावर वळ नव्हते? ज्यांनी बघितले आणि न बघितल्यासारखं केलं, ती तुमच्या घरात आहेत. आई आहे. बायको आहे. थोरला भाऊ आहे, ज्याच्याशी तुम्ही बांधावरून बोलत नाही. त्यांना ठाऊक आहे, तुम्ही कुठं झोपला होता! ती तुमची पाळी उभ्यानं काढताहेत, आणि तुम्हाला वाटतंय, कुणाला कळलं नाही. आज इथून उठलात, की आधी त्यांच्याकडं जा. जेवण मागनं. आमटी गार होऊ दे. मी सांगतोय, आमटीचं मला कळतं.

आणि अमक्याला एक वर्ष झालं, तमक्याला दोन झाली, मग फोटोपुढं सांगू, असं करू नका. फोटो काही खटका दाबत नाही हो. फोटो नुसता ऐकून घेतो.

सोजरकाकू, उठू नका, मीच येतो तिथं. पाय द्या.

केरबाआप्पा, मी आलो. लई उशीर झाला.